ओवाळणीचं बटण

ताई,

तुझ्या तेराव्याला तुझ्या ओट्यावरचा दिवा सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत सलग जळत होता. तू असताना तो एका दमात इतका वेळ कधी जळला नाही. भावकीतल्या बाया आत होत्या. कोणी वड्यांचं पीठ मळत होती, कोणी भोपळा चिरत होती, आणि जी आत येई ती आधी वाकून फळीखाली बघे. "अगो, काय लख्ख दिसतंय हितं!" तुझ्या चुलतजावेनं मला हाक मारली. "रमेशभाऊ, ह्यो दिवा तुम्हीच बसवून दिलात ना बहिणीला? नशिबाची हो बाय. पोलादपुरात अशी लाइट कोणाच्या ओट्यावर नाय." मी मान हलवली. हातात पत्रावळींचा गठ्ठा होता, तो उगाच या हातातून त्या हातात घेतला.

दाजींनी सकाळी पुढच्या खोलीतल्या बोर्डावरचं बटण दाबलं होतं आणि गडबडीत ते विसरून गेले होते, म्हणून दिवा जळत राहिला. हे मला एकट्याला ठाऊक होतं. कारण तो बोर्ड मी बसवलाय, ते बटणही मीच बसवलंय, आणि जिथं नको होतं तिथं बसवलंय. तुला जाऊन महिना झाला. बाकीचे रडून मोकळे झाले. मला रडू येत नाही, राग येतो. आधी दाजींचा येतो, मग तुझा येतो. ते दोन्ही उतरले की माझा येतो, आणि तो काही उतरत नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. वायरमनचं अक्षर आहे, गोड मानून घे.

चौऱ्याण्णव साली दाजींनी पोलादपूरला कुडाचं घर काढून विटांचं बांधलं. बांधलं म्हणजे पैसे मुंबईहून पाठवले. ते तेव्हा कंपनीत होते, महिन्याकाठी एकदा यायचे. गवंड्यामागे फिरून घर उभं केलं ते तू आणि तुझ्या सासूबाईंनी. मी आयटीआय करून महाडला गफूर उस्तादांच्या हाताखाली लागलो होतो. एकट्यानं वायरिंग केलेलं एकही घर अजून माझ्या नावावर नव्हतं. वायरिंगचं काम गावातल्याच एकाला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, त्यात तू मधे पडलीस. "माझा भाऊ वायरमन हाय. बाहेरचा कशाला?" दाजी म्हणाले, "नवा हाय अजून." तू म्हणालीस, "करील तो. मी उभी राहीन त्याच्या बाजूला." आणि खरंच राहिलीस. मी घोडीवर चढलेलो, तू खाली पट्ट्या आणि खिळे घेऊन उभी. मी दोनदा हातोडी पाडली. एकदा ती तुझ्या पायावर पडली, तेव्हाही तू माझ्याआधी दाराकडे बघितलंस, सासूबाईंनी पाहिलं तर नाही ना म्हणून.

गफूर उस्तादांची शिकवण अशी होती, की चार खोल्यांचं घर असलं तर सगळी बटणं एकाच बोर्डावर आणायची, पुढच्या खोलीत. वायर कमी लागते, बिघाड झाला तर एकच झाकण उघडावं लागतं, आणि कर्त्या माणसाला बसल्या जागी सगळं घर हाताशी येतं. महाड-पोलादपूरकडची त्या काळातली निम्मी घरं अशीच आहेत. आम्हीच केली. बिरवाडीला कारखान्यातल्या माणसांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या, तेव्हा तर मालक सांगायचे, खोल्यांची बटणं आमच्या पडवीत द्या. आम्ही द्यायचो. मालकाच्या मनाला आलं की खटका खाली, आणि पाच खोल्या काळोखात. बटण ज्याच्या हाताशी त्याच्या मर्जीचा उजेड, एवढी साधी गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. पण मी पट्टी ओळंब्यात आली का एवढंच बघत होतो.

तुला मात्र कळलं होतं. मी बोर्ड ठोकत असताना तू विचारलंस, "रम्या, आतल्या खोलीचं बटण पण हितंच?"

"हो, सगळं एकत्र."

"मग मी आतनं दिवा कशी लावू?"

"बाहेर यायचं, दाबायचं, आत जायचं. चार पावलं तर हायत."

सासूबाई बोर्डाखाली खुर्ची टाकून माझं काम बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. बाईचा हात सदा ओला. करंट लागला म्हंजे?" तू पुढचा खिळा माझ्या हातात दिलास. पुढच्या शनिवारी दाजी आले, त्यांनी एकेक बटण दाबून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला वर्षभर पुरली. ते घर दाखवून मी पुढची घरं मिळवली. तू शब्द टाकलास म्हणून मी वायरमन झालो, आणि त्याच्या बदल्यात तुझ्या घरात तो बोर्ड ठोकून आलो.

आतल्या खोलीत मी एकच बल्ब दिला होता, दोरीनं माप घेऊन, खोलीच्या बरोब्बर मध्यावर. ओटा मागच्या भिंतीला. म्हणजे तू ओट्याशी उभी राहिलीस की दिवा तुझ्या पाठीशी आणि तुझी सावली तुझ्याच हातांवर. चौदा वर्षं तू आपल्याच सावलीत तांदूळ निवडलेस, मासळी साफ केलीस, भाकऱ्या थापल्यास. महाडातल्या लोकांच्या घरी मी उजेड कुठून पडावा यावर भाषणं देत हिंडत होतो, आणि तुझ्याकडे जेवायला आलो की त्याच सावलीतलं कालवण बोटं चाटून खात होतो.

बोर्डाखालची ती खुर्ची पुढे कधी हलली नाही. सासूबाई होत्या तोवर त्या तिच्यात बसल्या. त्या गेल्या. मग दाजींची कंपनी बंद पडली, ते कायमचे गावी आले आणि त्याच खुर्चीत बसले, पेपर वाचायला तिथं बरं पडतं म्हणून. तू आतून हाक मारायचीस, "जरा लाइट लावता का हो?" ते लावायचे. दाजी वाईट नाहीत. कधी हात उचलला नाही, कधी शिवी दिली नाही, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणायचो. त्यांना फक्त वाया गेलेलं आवडत नाही. त्यांचं जेवण झालं, हात धुतले, की खुर्चीत बसता बसता सवयीनं हात वर जाई आणि आतलं बटण खाली येई. तू अजून जेवायची असायचीस. मग तू पुढच्या खोलीतून दारात जेवढा उजेड पडे तेवढ्यात ताट सरकवून घ्यायचीस. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही, तीन-चारदा. मी तिथंच बसून सुपारी कातरत असायचो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तू महाडला डोळे दाखवायला आलीस. तांदळातला खडा दिसत नाही म्हणून दाजी वैतागले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळ्यांना काही झालेलं नाही, जरा उजेडात काम करत जा. बाहेर येऊन तू पायरीवर बसलीस आणि पदर तोंडाला लावून हसत सुटलीस. "ऐकलंस का रे रम्या? उजेडात काम कर म्हणतोय. औषध लिहून दे म्हणावं तेवढं." मीही हसलो. काय ओशाळं हसलो असेन, ते आता कळतं.

त्या दिवशी माझं सईदाभाभींच्या घरी काम अर्धवट होतं, म्हणून तुला तिथं घेऊन गेलो. सईदाभाभींचा नवरा दुबईला असतो. तो येताना एलईडीच्या पट्टीची दोन रिळं घेऊन आला होता. पाच-पाच मीटरची, बोटभर रुंद, मागून चिकट. ओट्यावरच्या कपाटांखाली लावायची म्हणे. मी आधी टर उडवली होती. तोवर आम्ही कपाटाखाली फार तर दोन फुटी ट्यूब द्यायचो. ती गुणगुणायची, तापायची आणि तिच्या पट्टीत झुरळं घर करायची. हे तर लग्नाच्या मांडवाला लावायच्या माळेसारखं दिसत होतं. पण जोडून बघितली आणि गप्प बसलो. गरम नाही, आवाज नाही, आणि ओट्यावर कडेपासून कडेपर्यंत सारखा उजेड. कपाटाच्या मागच्या बाजूला लावली तर नुसती भिंत उजळते. पुढच्या कडेला आतून लावली तर उजेड नेमका हातांवर पडतो आणि डोळ्यांत जात नाही. एवढं दोन दिवसांत माझं मी शिकलो.

तू त्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिलीस. दोन्ही हात पुढे केलेस, पालथे केले, उलटे केले. मग मागे वळून बघितलंस. "गो भाभी, माझी सावली कुठं गेली?"

सईदाभाभी म्हणाल्या, "पाठीमागं गेली बाई. तिला तिथंच राहू दे."

दोन रिळांचा रंग वेगळा होता. एकाचा पांढराफेक, निळ्याकडे झुकणारा, दुसऱ्याचा पिवळसर. मी म्हटलं, पांढराच घ्यावा, उजेड जास्त. तू माझं ऐकेनास. भाभींकडून सुपात चार मुठी तांदूळ मागून घेतलेस आणि मला दोन्हींचे हातभर तुकडे जोडायला लावलेस. पांढऱ्याखाली सूप धरलंस आणि म्हणालीस, "ह्यात तांदूळ न् खडा सगळंच मिठासारखं दिसतंय. आणि माझा हात बघ, मेलेल्या माणसाचा वाटतोय." मग पिवळ्याखाली सूप धरलंस, आणि बघता बघता तीन खडे वेचून ओट्यावर ठेवलेस. भाभींनी कपाळाला हात लावला. "या अल्ला, हे आम्ही खात होतो!" पंधरा वर्षं धंद्यात काढून मला हे सुचलं नव्हतं, की दिवा निवडायचा तर तांदूळ घेऊन बसावं. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सूप आणायला सांगतो. लोकांना वाटतं, ही माझी अक्कल.

पण तुझं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. कपाटाच्या खालच्या कडेला, उजव्या हाताला, मी एक छोटं बटण दिलं होतं. तू ते दाबलंस. दिवा गेला. परत दाबलंस, आला. असं पाच-सहा वेळा केलंस. भाभी हसायला लागल्या, तरी तू थांबली नाहीस. आणि मग मला म्हणालीस, "रम्या, यंदा भाऊबीजेला साडी नको. मला ह्ये दे."

"पट्टी? देतो की."

"पट्टी दे, पण बटणासकट. बटण माझ्या हाताशी हवं. पिवळी-पांढरी कशी का असंना. आधी बटण."

मी म्हटलं, "दिलं."

ताई, एवढंच मागणं होतं. जन्मात पहिल्यांदा तू काही ठरवून मागितलंस.

भाऊबीजेला सकाळच्या एसटीनं आलो. पिशवीत पिवळी पट्टी, तिचा अडॅप्टर, बटणाची डबी, वायर आणि प्लॅस्टिकची केसिंग, म्हणजे वायर झाकून भिंतीवरून न्यायची पट्टी. सगळं मोजून आणलं होतं. तुझ्याकडे कपाटं नव्हती, कडप्प्याची एक लांब फळी होती, वर डबे मांडलेले. तेलकट कडप्प्यावर चिकट पट्टी टिकायची नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून सागाची बारीक रीप घेतली, फळीच्या पुढच्या कडेला आतून क्लिपांनी बसवली आणि तिच्यावर पट्टी चिकटवली. शेगडीच्या वरची वीतभर जागा सोडली, तिथं वाफेनं डिंक सुटतो. अडॅप्टर वर माळ्यावर, वाफेपासून लांब. फार देखणं काम झालं होतं. मग बटणाची डबी घेऊन मी भिंतीपाशी गेलो, आणि दाजी दारात आले.

"तिथं काय करतोस?"

"बटण देतोय. ताईच्या हाताशी."

"भिंत फोडणार? सणाच्या दिवशी? गेल्याच वर्षी रंग दिलाय." मग जरा हसून, "बाहेर बोर्डावर एक जागा रिकामी हाय की. तूच ठेवली होतीस ना, पुढंमागं लागंल म्हणून? तिथं दे. सगळी बटणं एकाजागी बरी."

भिंत फोडायची नव्हती, ताई. बल्बची वायर ज्या भोकातून आत आली होती, त्याच भोकातून आणखी एक वायर ओढायची, केसिंगमधून खाली आणायची, चार स्क्रू मारायचे. केसिंग माझ्या पिशवीत होती. तिचं टोक पिशवीतून बाहेर आलेलं दाजींनाही दिसत असणार. "भिंतीला धक्का लागत नाही दाजी," एवढे पाच शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही.

का नाही बोललो, याची कारणं मी या महिन्यात पुष्कळ शोधली. बहिणीच्या घरी भावानं आवाज चढवायचा नसतो. भाऊ संध्याकाळच्या गाडीनं निघून जातो, ती तिथंच राहते, आणि त्याचं बोललेलं तिला फेडावं लागतं. आपल्या आईनं हेच शिकवलं. हे कारण बरं दिसतं. पण खरं कारण याहून हलकं आहे. सगळी बटणं एकाजागी बरी, हे वाक्य दाजींचं नव्हतंच, माझं होतं. चौदा वर्षांपूर्वी मीच त्यांना ते शिकवलं होतं आणि त्याची शाबासकी घेतली होती. ते खोडायचं तर आधी मी चुकलो म्हणावं लागलं असतं, तेही दाजींसमोर.

म्हणून मी तुझ्याकडे बघितलं. तू ओवाळणीचं ताट लावत होतीस. निरांजनात वात घालता घालता तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे रे. हे म्हणतात तसं कर. सणासुदीला कशाला." आणि ताई, मला सुटल्यासारखं झालं. तुझ्या तोंडून आलं ना, मग झालं. दहा मिनिटांत मी ते बटण बाहेरच्या बोर्डावर बसवलं, बरोबर खुर्चीच्या डोक्यावर.

तू मला ओवाळलंस. ताटात काय टाकू म्हणून मी खिसे चाचपायला लागलो, तर तू म्हणालीस, "असू दे. माझी ओवाळणी भायेर बोर्डावर हाय." सगळे हसले. दाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. मीही हसलो आणि करंजी उचलली.

मग चैत्रातली ती दुपार. तुझ्याकडे माझी ती शेवटची फेरी ठरणार, हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. मी न सांगता आलो. दाजी खुर्चीतच डुलकी घेत होते, तोंड उघडं. तू आत ओट्याशी उभी राहून कैऱ्या चिरत होतीस, मागच्या खिडकीला पोतं लावलेलं, खोलीत काळोख. फळीखाली माझी पट्टी होती, बंद.

"दिवा का लावला नाहीस?"

"झोपलेत ते. डोक्यावर खटका वाजला की जागे होतात."

मी बोर्डाकडे वळलो तर तू म्हणालीस, "नको रे." आणि माझं डोकं सटकलं. हळू आवाजात, पण बोलायचं ते सगळं बोललो. तुला एवढं साधं बटण दाबता येत नाही? कोणी हात धरलाय तुझा? मी इतक्या हौसेनं आणलं आणि तू ते शोभेला ठेवलंस. तुला सोसायचीच हौस आहे. तू सुरी खाली ठेवलीस, हात पुसलेस. आणि म्हणालीस, "रम्या, ते बटण तिथं मी ठेवलं नव्हतं. पयलं पण नाय, दुसरं पण नाय."

मी पिशवी उचलली आणि निघालो. तू मागून रस्त्यापर्यंत आलीस, कागदात बांधलेलं सुकट माझ्या हातात कोंबलंस आणि म्हणालीस, "पाणी तरी पिऊन जायचं होतंस." मी एसटीत चढलो. वळून बघितलं नाही.

त्यानंतर फोन होत राहिले. कसा आहेस, बरी आहे, पोरं कशी आहेत. दिव्याचं तूही काढलं नाहीस आणि मीही नाही. याचाच मला तुझा राग येतो. तू एकदा तरी ओरडायचं होतंस. जेवताना दिवा गेला त्यातल्या एका तरी वेळी ताट आपटायचं होतंस. आम्ही ठोकलेल्या बोर्डांखाली तुम्ही बाया अशा गप्प उभ्या राहता, आणि आम्हाला वाटतं काम छान झालं.

तुला ताप आला आणि महाडच्या दवाखान्यात ठेवलं. पाच दिवस होतीस. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटत होतं. मी बसलो होतो. तुझ्या खाटेला लागूनच भिंतीवर बोर्ड होता. पडल्या पडल्या हात लांब करून तू पंखा कमी केलास, थोड्या वेळानं वाढवलास, मग डोक्यावरची ट्यूब बंद केलीस. "बघ रे," म्हणालीस, "हितं सगळं हाताशी हाय." हसलीसही. चुकलो म्हणायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या. मी मनात म्हटलं, घरी आली की बोलू. घरी आल्यावर बटणच आत नेऊन टाकू, बोलायचंही काम नाही.

काल तुझ्या महिन्याला पोलादपूरला गेलो होतो. पान ठेवून झालं, माणसं पांगली. बोर्डाखालची खुर्ची रिकामी होती. दाजी आत होते. मी डोकावलो तर ओट्यापाशी उभे, मनगटापर्यंत पिठात, भाकरी थापायचा प्रयत्न चाललेला. परातीत नकाशा झाला होता. तुझा मुलगा अजित त्यांना नालासोपाऱ्याला न्यायला तयार आहे, पण हे जात नाहीत. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलास. एक काम होतं रमेश. ह्या दिव्याचं बटण जरा आत घेता येईल का रे? सारखं भायेर जावं लागतं. हाताला पीठ असतं, इकडं दूध उतू जातं. आणि दिव्याबिगर काय दिसत नाय बघ हितं. आपलीच सावली आड येते."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं, मला अडचण आहे. म्हणाले, "भिंत फोडावी लागंल ना? फोड. रंगाचं काय, देऊ परत."

"फोडायला लागत नाही," मी म्हटलं.

केसिंग पिशवीत होती. तीच. भाऊबीजेपासून ती तिथंच होती, मी ती दुसऱ्या कोणाच्या कामाला लावली नव्हती. जुन्या भोकातून वायर ओढली, केसिंगमधून खाली आणली, ओट्याच्या उजव्या हाताला डबी बसवली. बाहेरच्या बोर्डावरचं भोक बुजवलं. दाजींनी पिठाच्या बोटानं बटण दाबलं. दिवा लागला. परत दाबलं, गेला. परत लावला.

"अरे, केवढं सोपं," ते म्हणाले. "आधीच करायला हवं होतं. तिला किती बरं पडलं असतं."

"तिनं मागितलं होतं."

"कधी? मला कुठं बोलली?"

"मला बोलली होती," मी म्हटलं.

ते दिवा तसाच ठेवून परत भाकरीकडे वळले.

पाऊण तास लागला, ताई. मधे दाजींनी चहा केला, तो धरून.